अर्धं सूत

वाशीला जायच्या आदल्या रात्री
हर्षालीने प्रश्न लिहिले
बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानावर.
उलट बाजूला आमच्या दुकानाचं नाव, घणसोली,
आणि तळाला बारीक अक्षरांत:
एक महिन्यानंतर तक्रार ऐकली जाणार नाही.
मुलगी सत्तावीस दिवसांची.

एक. डोक्यावरचं टेंगूळ.
जन्मली तेव्हा नव्हतं, दुसऱ्या दिवशी आलं, उजवीकडेच.
आता कडेने घट्ट, मधे मऊ.
बारकूबाई म्हणते, तेल लावून दाबते,
आठवड्यात डोकं नारळासारखं करून देते.
दाबू द्यायचं का?

दोन. बेंबी.
रडली की अंगठ्याएवढी फुगते, निजली की आत जाते.
आईंनी जुना रुपया उकळून ठेवलाय. बांधायचा का?

तीन तिने लिहिलं नाही.
तीन माझ्यापाशी होतं.
परवा पहाटे दोघी झोपल्या असताना
मी लेकीचे पाय मोजले,
कमरेपासून टाचेपर्यंत, दुकानातल्या टेपने,
ज्याच्या पहिल्या इंचाचे आकडे पुसलेत.
डावा पाय अर्धं सूत कमी.
पुन्हा मोजला. एक सूत.
पुन्हा. सारखे.
पुन्हा. अर्धं सूत.
लोक सुतावरून स्वर्ग गाठतात,
मी त्या पहाटे शाळेचं मैदान गाठलं,
पाहुण्यांची बैठक गाठली,
'जरा लंगडते का हो?' हेही ऐकून आलो.
ती दूध ओकली आणि परत झोपली.

डॉक्टर काझींनी टेंगळावरून बोट फिरवलं,
कपबशीची कड तपासावी तसं.
'हाडावर रक्त साकळलंय. आत मेंदूला काही नाही.
दाबायचं नाही, सुई टोचायची नाही, महिना-दोन महिन्यांत जिरेल.
डोळे पिवळे दिसले तर मात्र या.'
रुपयाचं ऐकून त्या हसल्या नाहीत.
'पट्टीखाली कातडी चिघळते. आईंना म्हणावं, गल्ल्यात टाका.
बहुतेक बेंब्या आपणहून मिटतात,
कुणाची वर्षात, कुणाची चार वर्षांत.
पण गाठ कडक झाली, काळीनिळी पडली, आत जाईना,
तर रात्रीचे तीन का असेनात, उचलून आणा.'

हर्षालीने पानाची घडी घातली.
मी म्हटलं, 'अजून एक.'
कापड चुकीचं कापलं गेलंय
आणि गिऱ्हाईक समोर उभं आहे, असा माझा आवाज.

'कशाने मोजलंत?'
टेप गळ्यातच होता.
'या वयात गुडघे मुडपलेले असतात. ओढाल तसं माप येतं.'
पण त्या तिथेच थांबल्या नाहीत.
दोन्ही गुडघे दुमडून शेजारी धरले, उंची बघितली,
पालथी घालून मांडीच्या वळ्या मोजल्या,
मग पाय दोन्हीकडे उघडले, पुस्तक उघडावं तसे.
डाव्या खुब्यापाशी हात जरा रेंगाळला.
तो हात मला ओळखीचा आहे.
शिवण सरळ दिसते, बोट मात्र अडकतं,
तेव्हा माझाही असाच रेंगाळतो.

'सहा आठवड्यांची झाली की खुब्याची सोनोग्राफी करू.
असलंच काही, तर लवकर कळलेलं पट्ट्यांनी बसतं.
नसेलही.'

कोपरखैरणेचा नाला येईपर्यंत
हर्षाली रिक्षात बोलली नाही.
मग म्हणाली, 'एकट्याने मोजलंस.'

संध्याकाळी गावंडकाका पँट न्यायला आले.
अठरा वर्षं मी त्यांचा उजवा पाय
तीन सूत आखूड शिवतो.
त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
घालून बघितली, आरशाकडे पाठ केली, 'बरोबर' म्हणाले.
कॅलेंडरवर मंगळवारी
मी सोनोग्राफीची चिठ्ठी टाचत होतो.
पायऱ्या उतरताना त्यांच्याकडे
आज पहिल्यांदाच बघत राहिलो,
कुठला पाय आधी टाकतात ते.
फुलकोबीची पिशवी घेऊन
ते केव्हाच कोपऱ्यावर पोचले होते.