कपाळावर सावदा

मे महिना. सावद्याच्या पॅकहाऊसमध्ये
तुरटीच्या पाण्यात केळीच्या फण्या तरंगतात
आणि कोकिळाबाई स्टिकर लावते.
एका फणीला दोन. दाबायचं, सोडायचं.
केळीच्या चिकानं तिच्या अंगठ्याच्या रेषा गेल्या,
रेशनच्या मशीनला तो आता ओळखू येत नाही.

बाहेर शेहेचाळीस. पिलबागेची पानं
वाऱ्यानं फाटून झिरमिळ्या झालेली.
मी कंटेनरचा नंबर लिहितालिहिता थांबतो,
कारण तो माणूस पुन्हा समोर येऊन बसलाय.

तीन वर्षं झाली.
शेठनं मला इराणला धाडलं होतं, तबरीझला,
केळी पिकवायच्या खोल्या कशा लावायच्या ते दाखवायला.
एकवीस दिवस. दोन मफलर.
पिशवीत कळण्याचं पीठ, ज्याची भाकर
तिथं कोणी थापून देणार नव्हतं.
बर्फ मी पहिल्यांदाच पाहिला, आणि तो मळका होता,
रस्त्याकडेला चुलीतल्या राखेसारखा लोटलेला.

बसथांब्यावर तो होता.
साठीचा असेल. नाक जरा डावीकडे गेलेलं,
लहानपणी कोणी त्यावर दार लावलं असावं.
एक भुवई पांढरी, दुसरी अजून काळीभोर,
म्हातारपण येता येता मध्येच चहाला थांबल्यासारखं.
शेजारी चार-पाच वर्षांची पोर,
रडून दमलेली, तोंड भिंतीकडे.

त्यानं कोटाच्या खिशातून केळं काढलं.
मी लांबूनच ओळखलं,
परक्या जत्रेत आपल्या गल्लीतलं पोरगं ओळखावं तसं.
त्यानं सोललं नाही. आधी स्टिकर काढला,
नखानं, हळू, फाटू न देता,
आणि स्वतःच्या कपाळावर मधोमध लावला.

मग पोरीसमोर ताठ बसला, पोलीस पाटलासारखा.
पोर हसली नाही.
तो तसाच.
एक बस आली, गेली.
त्या निळ्या गोलात खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत,
सावदा.

मी बघतोय हे त्यानं बघितलं.
मी माझ्या कपाळाला बोट लावलं.
मला म्हणायचं होतं, हे आमचं गाव,
हा स्टिकर कोकिळाबाईनं लावलाय,
तुम्ही तिचा अंगठा कपाळावर घेऊन बसलाय.
त्याला वाटलं, मी सांगतोय: काहीतरी चिकटलंय तुम्हाला.
त्यानं मान हलवली. माहीत आहे.
काढला मात्र नाही.

तेवढंच.
माझी बस आली आणि मी चढलो, बस आली की चढतात म्हणून.
मागच्या काचेवर वाफ होती. पुसेपर्यंत वळण आलं.

गावात सगळ्यांनी विचारलं, काय काय पाहिलं?
मी निळी मशीद सांगितली, छताचा बाजार सांगितला.
हे आज सांगितलं, जेवणाच्या सुट्टीत,
कोकिळाबाईला, आणि तेही अर्धवट.
ती ठेच्याला भाकर लावत ऐकत होती.

“सीधा लावेल व्हता का तेनं?”
हो. अगदी मधोमध.
“पोरगी कोनाची?”
माहीत नाही.
“रडे कायले?”
माहीत नाही.
“मंग तू तठी काय करत व्हता?”

हात धुऊन ती पुन्हा टाकीपाशी गेली.
एका फणीवर वाकडा बसला,
तर तिनं तो नखानं उचलला, हळू,
आणि पुन्हा लावला.

रात्री दहाला कंटेनर निघाला.
नंबरातला एक आकडा मी गाळला होता,
ड्रायव्हरनं दाखवला.