तासभर काही खायचं नाही

उमेओच्या दवाखान्यात फॉर्म भरताना
दोन रकान्यांत मी एकच नाव लिहिलं.
जन्मस्थळ : कोचाबांबा.
कुठे जाणार : कोचाबांबा.
नर्सनं, बिल्ल्यावर नाव रागन्हिल्ड,
चष्मा कपाळावर सारून विचारलं,
"चुकून दोनदा लिहिलंत का?"
नाही, म्हटलं.
तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे,
आणि जरा हळू आवाजात म्हणाली,
"पोट विसरतं हो. एक्केचाळीस वर्षं म्हणजे फार झाली."

आईचा फॉर्म सरळ होता.
गुनव्होर, लिक्सेले, अठ्ठ्याहत्तर.

ही लस टोचत नाहीत, पितात.
सुई नाही म्हणून आई खट्टू झाली,
न दुखणारं औषध तिच्या लेखी खाऊच.
पुडी पाण्यात सोडली की फसफसते,
त्यात कुपी ओतून ढवळायचं,
वर रास्पबेरी, तळाशी सोड्याचा खारटपणा.
पहिला डोस तिथेच, दुसरा आठवड्यानं घरी.
आधी एक तास, नंतर एक तास
पोटात काही जाता कामा नये.
"आणि हे चिलखत नव्हे हं, फार तर छत्री.
हात धुवा, फळं सोलून खा, बर्फ टाळा."
बाहेर उणे एकोणीस.
बर्फ टाळा, म्हणे!
गाडीपर्यंत आई हसत होती.

दुसरा डोस फ्रिजमध्ये
गाभोळीच्या ट्यूबशेजारी पडून राहिला.
गुरुवारी तिन्हीसांजेला,
जानेवारीत इथे ती तीनलाच होते,
आम्ही ग्लासाला ग्लास भिडवला.
आईनं ओव्हनचं घड्याळ साठ मिनिटांवर लावलं.

कॉफीशिवाय आईसमोर
मी कधी तासभर बसलो नव्हतो.
तिच्या हातांना काही सुचेना.
रुमालाची घडी मोडली, घातली, मोडली,
मग खिडकीबाहेरच्या बर्फ उपसणाऱ्या गाडीला सांगावं
तशी ती बोलायला लागली :

तू अकरा महिन्यांचा, साडेपाच किलोंचा.
बारा दिवस तुझं पोट थांबेना.
मीठ-साखरेचं पाणी, चमचा चमचा, रात्रभर.
बाबा तुझे लंगोट बाल्कनीत वाळत घालायचा,
सकाळी ते पाटीसारखे कडक.
लॅबला तुझ्यात तीन जातींचे जंतू सापडले,
डॉक्टर तर दुर्मीळ पक्षी दिसल्यासारखा खूश.
मग औषधानं सगळं धुऊन निघालं.
रिपोर्ट कोरा आला त्या दिवशी
मी केक केला, हेनिंग.
मला वाटलं, झालं,
तिथलं काही उरलं नाही आता.
आता हा आपला.

ती थांबली.
घड्याळात एकतीस मिनिटं.

बारा गावचं पाणी प्यालेली माणसं असतात.
मला एकाच गावचं प्यायचंय, पुन्हा,
आणि तेही उकळून.

राग यायला हवा होता.
येईलही कदाचित, तिथल्या बाजारात,
माझ्याच तोंडवळ्याची एखादी भाजीवाली
भरभर काही विचारेल
आणि मी नुसता सुटे पैसे पुढे करीन तेव्हा.
आत्ता फक्त पोटात गुरगुरत होतं.
मेलेले जंतू आत कुणाला तरी शिकवत असावेत :
आमचे चेहरे नीट बघून ठेवा,
आणि आम्ही आलो की
दार उघडू नका.

"कसला केक?" मी विचारलं.
ती वळली.
"वेलचीचा. तुला कणभर चाटवला.
लगेच बाहेर आला."

आधी मी हसलो की ती, आठवत नाही.
पोट धरून हसलो एवढं खरं,
रिकामं, फसफसलेलं पोट.

घड्याळ वाजायला वेळ होता.
ती उठली, वेलचीची बरणी काढून
ओट्यावर ठेवली,
आणि परत येऊन बसली.