पंचेचाळीसचा पीळ

बाबांनी जन्मभर एकच पीळ काढला:
पंचेचाळीस सेंटिमीटरला एक फेरा.
कार्बाइडचं बटण तेलात बुचकळायचं,
नळीच्या पोटातून ओढायचं, ओढता ओढता वळू द्यायचं;
मागे बारा आटे उमटत जायचे.
उझुमलूत घराघरात हेच.
परसात कोंबड्या, ओसरीवर लेथ,
आणि चहाच्या पेल्यात कधीमधी पोलादाचा कीस.

डमरूच्या घडणीचा छर्रा तेव्हा सगळ्यांचा लाडका.
पुढे डोकं, मधे कंबर,
मागे पातळ शिशाचा घागरा.
घागऱ्याला वारा मागे खेचतो, म्हणून नाक पुढे राहतं,
पीळ नुसता आधाराला.
जास्त दिलात तर उतरणीला लागल्यावरही
नाक वर करूनच बसतो,
आणि सत्तर मीटरपुढे मळसूत्रासारखा भरकटतो.
हे बाबांचं बोलणं मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

मग इझमीरहून हालुक बेय आला.
रुमालातून काढून त्याने टेबलावर मांडले
भरीव, लांबट शिशाचे तुकडे.
कंबर नाही, घागरा नाही.
"स्लग," म्हणाला. "इल्यास उस्ता, तुमच्या नळीतून हे आडवे जातात."
बाबांनी मिशीला पीळ दिला.
"माझ्या नळीत खोट नाही."
दोघांचा चहा निवला.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात;
बाबांचा सुंभ तर अजून पेटलाही नव्हता.

पहाटे मी एकटीच गेले,
हरभरा काढून झालेल्या रानात, तळ्याकडून वारा उठायच्या आत.
ऐंशी मीटरवर कागद, कागदामागे मातीचा बांध.
पहिलं भोक गोल हवं होतं.
निघालं लांबुळकं, कुलपाच्या भोकासारखं,
गोळी कुशीवर वळून झोपेतच कागदातून गेल्यासारखी.
दुसरं वीतभर डावीकडे.
तिसरं सापडलंच नाही.

बुटका भोवरा कसाही फेका, गुंगतो.
उंच, निमुळत्या भोवऱ्याला जाळी करकचून गुंडाळावी लागते,
नाहीतर दोन गिरक्यांत मान टाकतो.
एवढंच तर आहे.
पिठाच्या पिशवीच्या मागे मी आकडे लिहिले:
चाळीस. छत्तीस. बत्तीस.
बाबा झोपले की बटणं घासायला बसायचे.
दोन तडकली. एक अंगठा कापला.
चाळीसची नळी बरी निघाली, पण रोज नाही;
थंडीत हवा जड झाली की तिच्या गोळ्या डुलायच्या.
छत्तीसच्या नळीतून पाच गोळ्या गेल्या
आणि एक लिराचं नाणं पाचांवर झाकण बसलं.

कागद बाबांच्या बशीखाली ठेवला.
त्यांनी बशी उचलली, कागद पाहिला, बशी परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी माझ्याआधी तेच रानात.
पायजमा, वर कोट, खिशात छर्‍यांची जुनी डबी.
माझी नळी लावली आणि त्यात आपले डमरू भरले.
तीस मीटरवर ठीक.
शंभरावर चाळणी.
एकही आडवा नव्हता; सगळी भोकं गोल,
आणि प्रत्येकाचं तोंड वेगळ्या गावाला.
ते बराच वेळ दुर्बिणीला डोळा लावून होते.
"बघितलंस?" म्हणाले, खूश होऊन.
"बघितलं."
"मग स्लग दे इकडे."

पाच गोळ्या. नाणं.
ते काही बोलले नाहीत, मीही नाही.
तळ्यावर कुणीतरी इंजिनाची दोरी ओढत होतं, होडी सुरू होत नव्हती.

घरी येऊन त्यांनी खिळा घेतला,
माझ्या नळीच्या पोटाखाली कोरलं: ३६.
मग फळीवरून स्वतःची काढली,
पुसली, चष्मा लावला
आणि तिच्यावर कोरलं: ४५.
चाळीस वर्षांत कधी आकडा घातला नव्हता.
एकच होता, लिहायचा कशाला?

मग हालुक बेयला किंमत किती सांगायची
यावर आम्ही दुपारपर्यंत भांडलो.