चाकोरी

मार्चमध्ये वेर्चेल्लीच्या डॉक्टरीणबाईंनी
माझ्यापुढे अक्षरांचा तक्ता धरला.
मधोमध करडा डाग, बटणाएवढा.
मी कडेकडेची अक्षरं वाचली, मधली सोडून.
"ओरेस्ते, गाडीची किल्ली आता घरच्यांकडे द्या,"
त्या म्हणाल्या. मी दिली.
सायकलबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.
मीही विचारलं नाही.

कालव्याच्या काठानं वाट नाकासमोर जाते,
अकरा किलोमीटर, वळण म्हणून नाही.
मोटारींना मज्जाव. फाटकाला कुलूप,
आणि शेजारी सायकल जाईल एवढी फट.
ती मीच ठेवायला लावली होती,
कंपारो होतो तेव्हा.
कंपारो म्हणजे पाण्याचा राखणदार:
कुणाच्या भाताला किती तास,
कुणाची झडप किती बोटं वर,
एकतीस वर्षं तेच.
भांडणंही तीच.

लोक म्हणतात, माणसानं चाकोरी सोडावी.
मी चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती शोधत फिरतोय.
खडीवर चाकोऱ्या दोन, मध्ये गवताचा पट्टा.
चाकोरीत चाक बारीक बोलतं,
मक्याचं पीठ चाळल्यासारखं.
कडेला सरकलो की खडी मोठी होते,
दातओठ खाते.
त्याच्याही पलीकडे गवत. तिथे चाक गप्प बसतं.
गप्प बसलं की समजायचं, पुढे उतार,
उताराखाली पाणी.
शांततेला भ्यायला मी या वयात शिकलो.

मे महिन्यात दोन्ही बाजूंची खाचरं भरलेली,
बेडूक इतके, की सगळा सपाट मुलूख
मंद आचेवर ठेवल्यासारखा.
उत्तरेला मोंते रोसा.
थेट पाहिलं तर ती जाते,
तिरकं पाहिलं
तर डोळ्याच्या कोपऱ्यात थोडा बर्फ उरतो.

त्या दिवशी मागून दुसरं चाक आलं.
हलकं; साखळीला तेल नाही.
द्रिसची मुलगी इक्राम, वय अकरा.
झडपा आता द्रिसकडे आहेत.
"बाबा म्हणाले, म्हाताऱ्याच्या मागे राहा,
पण मागे आहेस असं दाखवू नको."
पहिल्याच मिनिटाला सांगून मोकळी झाली.
मी म्हणालो, मग पुढे हो.

ती पुढे झाली आणि बोलत सुटली.
बगळा. बगळा. अजून एक बगळा.
नाही, पिशवी.
एक माणूस गळ टाकून झोपलाय.
"फ्लावियो तो," मी म्हणालो,
"झोपला नाहीये, माझ्याशी बोलत नाही.
एका कोरड्या उन्हाळ्यात दोन तास पाणी कमी मिळालं त्याला.
तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस."
आम्ही शेजारून गेलो तेव्हा तो खोकला.
खोकलाच असेल.

सातव्या झडपेपाशी मी ब्रेक दाबला.
फळीखालून पाणी शिट्टी घालत होतं, किरटी,
म्हणजे खाली काहीतरी अडकलेलं.
"फांदी आहे," मी म्हणालो,
जुन्या रुबाबात.
ती वाकून बराच वेळ बघत राहिली.
"फांदी नाही. बूट आहे कुणाचा तरी. काढू?"
नको, बापाला सांग,
राखणदार तो आहे,
हे म्हणायला मला थोडा वेळ लागला,
तेवढ्यात शिट्टी थांबलीसुद्धा.

परतताना वारा तोंडावर.
बूट तिच्या हँडलला लटकलेला, टपटपत,
मी त्या टपटपीच्या मागे,
चाळणीसारखी बारीक खडी,
बेडूक,
लांब कुठेतरी ट्रॅक्टर.

मध्येच ती गप्प झाली.
तिचं चाकही.
मी जागीच थांबलो, एक पाय खडीत रोवून,
हाक मारली. नाव आधी चुकीचं आलं, मग बरोबर.
"काय झालं?"

"काही नाही," पुढून आवाज आला,
"गवतावरून चालवून बघतेय.
मऊ लागतं."