बाहेर उणे तीन

ऐरोलीत, सहाव्या मजल्यावर, खांद्यावर शाल घेऊन
मी लीड्समधल्या घरांची थंडी मोजते.
बाहेर उणे तीन धरायचे. आत वीस.
भिंत किती, काच किती,
दाराखालच्या फटीतून तासाला किती हवा पळते.
मग त्या खोलीला पुरेल एवढा रेडिएटर.

शिकवलं तांडेल सरांनी.
म्हणाले, कॅटलॉगमधला आकडा
म्हणजे स्थळाच्या बायोडेटातली उंची.
टाचा काढून मोज.
पंधराशे वॅट लिहिलेत ना, ते पाणी सत्तरीचं असेल तर.
यांचा हीट पंप देणार पन्नाशीचं.
उरतात पावणेआठशे.
आणि माणसं धरायची नाहीत.
सगळ्यात वाईट रात्री घर रिकामंच आहे असं समजायचं.

मी तापलेला रेडिएटर कधी पाहिला नाही.
रिसेप्शनमागे एक नमुना टांगलाय, पांढरा, दुपदरी,
कुठल्याच पाइपला न जोडलेला.
सुगंधाताई त्यावर फडकी वाळत घालतात.
एसीखाली तो इतका गार
की मार्चपासून आम्ही येता-जाता त्याला मनगटं टेकवतो.

काल तक्रार आली. घर नंबर सतरा,
मागची बेडरूम तापत नाही.
माझीच शीट. टाचा काढायच्या राहिल्या होत्या.
म्हणजे डिसेंबरपासून तिथे कुणीतरी
मोजे घालून झोपतंय,
माझ्या एका कॉलमपायी.
एका मीटरचे दोन मीटर व्हायला हवे होते,
खिडकीखाली तेवढी जागा नाही,
दाराजवळ दुसरा काढून दिला.
'गैरसोयीबद्दल क्षमस्व'च्या पुढे
आणखी काहीतरी लिहायचं होतं.
तेवढं इंग्रजी सुचलं नाही.

घरी, घणसोलीत, वरचा मजला.
रात्रीचे अकरा, आणि स्लॅब अजून
दुपारचं ऊन सुट्ट्या पैशांसारखं परत करतोय.
इथे उलटा हिशेब. इथे माणसं धरावीच लागतात,
माणशी शंभर वॅट:
सासरे, जाऊ, मोठी चिनू, हा, मी.
शीट म्हणते दीड टन. हप्ता म्हणतो एक.
जावेच्या तान्ह्याचे किती धरायचे
ते सरांना विचारायला हवं.

ते आत्ता माझ्या पोटाशी घामेजून झोपलंय,
केस कपाळाला चिकटलेले.
सरकवायला हवं. सरकवत नाही.
त्या सतरा नंबरच्या मागच्या खोलीत
याचे चाळीस-पन्नास वॅट
आज कामाला आले असते.