वाटीभर तूर

चाळीस वर्षं मी ह्या घोरन्याच्या बाजूनं निजली.
सासू म्हने, घोरते त्या मानसाच्या
जिवाले घोर नसते.
मीबी त्याच आवाजानं झोपो,
गिरनीवाल्याची बायको झोपते तशी.

मंग मधात खंड पडू लागले.
घोरता घोरता आवाज तुटे,
खोलीत नुसती भितीवरची घडी.
मी उठून बसो. मोजो.
एकदा बाविसापर्यंत गेली,
तवा कुठी श्वास आला,
हिरीत बुडालेली बादली कोनी
हिसका देऊन वर वढावी तसा.
सकायी म्हने, "मी तं मस्त झोपलो."

मस्त झोपलेला मानूस
दिवसा बसल्या जागी लुढके.
पंगतीत, हातात वरनभाताचा घास तसाच.
ग्रामसभेत तं नेहमीच,
पन तिथं कोन जागं असते.
पोयाच्या आदल्या दिवशी लूनावर डोया लागला,
गाडी पुलाखाली, बुढा नाल्यात.
यवतमाळले एकवीस दिवस. पायात रॉड.
माह्या पोतीतले मनी गेले,
नातीच्या नर्सिंगची फी गेली.
पायाचा फोटो काढला, छातीचा काढला,
रक्त नेलं, लघवी नेली,
बीपीच्या एका गोयीच्या तीन झाल्या.
रातीचं कोनी इचारलं नाई.
मी सांगाले गेली तं सिस्टर म्हने,
"आजी, म्हातारपनी सारेच घोरतेत."

मले लिहिता येत नाई.
म्हनून उशाशी दोन वाट्या घेतल्या,
एकीत तूर, एक रिकामी.
श्वास तुटला का एक दाना इकडचा तिकडं.
अंधारात, टक्.
पायटे रिकाम्या वाटीचा बूड दिसत नोता.
फडक्यात बांधली अन् आठच्या यष्टीनं
नेरच्या दवाखान्यात.

नवी डाक्टरीन, पोरगीच होती.
तिनं वाटी कागदावर उलटी केली,
पेनाच्या टोकानं दाने सरकवू लागली.
भाईर लाइन लागलेली, लेकरं रडत होते.
दोनशे सत्तेचाळीस.
पेन ठेवला. माह्याकडं पाहात राह्यली.
"आजी, मंग तुम्ही कवा झोपता?"
हे मले आजलोक कोनी इचारलं नोतं.
मी पदरानं टेबल पुसत बसली.

तपासनी नागपूरले, एका रातीची.
जल्मभर तारा जोडल्या ह्या मानसानं,
बोर्डात लाइनमन होता,
आता त्याच्याच टकल्याले तारा.
मशीन बावन्न हजाराची.
पोरानं कार्ड पुढं केलं.
कार्डात रॉड बसते, मशीन बसत नाई.
शेवटी परतवाड्याच्या एका मास्तरची जुनी भेटली.
मास्तर कशानं गेले, ते आमी इचारलं नाई,
त्याईच्या बायकोनं सांगतलं नाई.
पट्टा तेवढा धुऊन देल्ला होता.

पयली रात. नाकाले थुतरी लावून बुढा निजला.
आवाज नाई. गिरनी बंद.
तो झोपला अन् मीच जागी,
घडीघडी कान नेऊन पाह्यतो,
वारा येते का जाते.

तिसऱ्या राती दोन वाजता लाइन गेली.
मशीननं एक उसासा टाकला.
बुढ्यानं डोये न उघडता थुतरी काढली,
म्हने, "जंपर उडाला असन, दारव्ह्याकडचा."
रिटायर होऊन अकरा वर्षं झाले.
कूस बदलली, अन् लागला घोराले.

ते दोनशे सत्तेचाळीस दाने
मी वरनात टाकले नाई.
डाक्टरनीच्याच कागदात पुडी बांधून
मीटरच्या डब्यावर ठेवले हायेत.
डब्यात दुसरी तूर हाय.

आवाज तुटला.
मी अंधारात हात लांबवला.
वाटी जागच्या जागी होती.