शेजारगुण

मंगळवारी पहाटे पाच चाळीसला
विलार्मिरोच्या जुन्या मार्गावर एक गाडी येऊन उभी राहिली.
म्हणजे पॅनेलवर उभी राहिली:
तिसरा सेक्शन, लाल पट्टी, भरलेला.
बाहेर रुळांवर एक ससा होता
आणि भरपूर दव.

सिग्नलनं पॅनेलचं ऐकलं.
मागून येणारी खरी गाडी,
दोन डबे, नऊ माणसं, लेओनला निघालेली चीजची पेटी,
चाळीस मिनिटं गव्हात उभी.

बेगोन्या आली व्हॅन घेऊन.
रिलेची पेटी उघडली, आतल्या मुंग्या झटकल्या,
मीटरची दोन टोकं दोन रुळांना लावली
आणि थांबली.
या कामात निम्मं थांबणंच असतं.

सहा बावीसला, कुंपणापलीकडून,
पांढरी गाडी गेली. माद्रिदची.
तिनं इकडे पाहिलंही नाही.
तिचे पंचवीस हजार व्होल्ट तिच्या तारेत,
परतीचा प्रवाह तिच्याच रुळांत,
थोडा मातीत,
कारण माती कुणाला नाही म्हणत नाही.
आणि इकडे मीटरवरचा आकडा
काठावरच्या बेडकासारखा टुणकन उडाला,
मग परत येऊन बसला, जणू काही झालंच नाही.

ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला म्हणावं,
तर दावं एक नाही, गोठा एक नाही,
मध्ये जाळीचं कुंपण, वर करकोच्यांची घरटी.
वाण लागला नाही. वेग तर नाहीच नाही.
गुण तेवढा लागला:
नसलेली गाडी आहे म्हणायचं.

"आहे म्हणतोय तोवर ठीक,"
बेगोन्या शिकाऊ पोराला म्हणाली,
"असलेली गाडी नाही म्हणाला,
त्या रात्री मी झोपणार नाही."

फाटकाच्या खोलीत फ्रोइलान राहतो.
फाटक गेलं, नोकरी गेली, पेन्शन सुरू झाली,
भिंतीवरचा हँडलचा फोन काढायचं
कुणाला सुचलं नाही.
तांब्याची ती जोडी अजून रुळांच्या कडेनं जाते,
पलीकडच्या टोकाला कुणी बसत नाही.
तो रोज रिसीव्हर कानाला लावतो.

"ऐक," त्यानं बेगोन्याच्या हातात दिला.
आधी काही नाही.
मग बाटलीत अडकलेला भुंगा,
मग भुंग्याची बाटली मोठी होत गेली,
मग आख्खी खोली.
"चढ लागला तिला," फ्रोइलान म्हणाला.
"हा ड्रायव्हर नवा आहे. घाई करतो.
बुधवारचा बघ, कसा हळू सोडतो, लोण्यासारखा."
बेगोन्यानं रिसीव्हर ठेवला,
फोनच्या टर्मिनलला मीटर लावलं
आणि आकडा बघून
त्याला म्हणाली, आजोबा, यापुढे हातमोजा घालून उचला.

रिपोर्ट तिनं व्हॅनमध्येच लिहिला.
समांतर लांबी, नऊ पूर्णांक चार किलोमीटर.
मातीचा रोध, उन्हाळ्यात जास्त.
नऊ किलोमीटर कुणाच्या कडेनं चाललं
की त्याचं काहीतरी अंगात येतंच,
हे लिहिलं नाही. त्यासाठी रकाना नव्हता.

सप्टेंबरात माणसं आली.
जुने रिले गेले, चाकं मोजणारी यंत्रं बसली:
इतकी आत, इतकी बाहेर, विषय संपला.
कुंपणाला जागोजाग जमिनीत नेणारी तार जोडली.
तांबं उपसून गुंडाळून भंगारात
आणि चरात त्याच्या जागी काच,
केसाएवढी.
काचेला शेजारी काय बोलतो ते ऐकू येत नाही.

पॅनेलवर आता असते तीच गाडी असते.
शिकाऊ पोराला थोडं कंटाळवाणं वाटतं.

फ्रोइलाननं रिसीव्हर उचलला एकदा.
कानात फक्त कान.
ठेवला नाही लगेच. पांढरी गाडी खिडकीतून गेली,
आवाज नंतर आला, साधा, हवेतला,
सगळ्यांना येतो तो.

नोव्हेंबरात बेगोन्या शेवटची मोजणी करायला आली,
कुंपणाच्या खांबापाशी वाकली.
तो मागे येऊन उभा राहिला, टोपी हातात.
"किती?"
"शून्य पूर्णांक चार."
"म्हणजे आहे."
"एवढं चालतं. एवढ्यानं कुणाला काही होत नाही."
"मग तेवढं राहू दे," फ्रोइलान म्हणाला.